व्हिडिओतलं वळण

"असं न्हाई," म्हातारा म्हणाला. "व्हिडिओत गाडी घेतली तशी घ्या."

इंद्रजितने गाडी घाटात कडेला लावली. वळण मागे पडलं होतं. ते त्याने अगदी बेतानं घेतलं होतं. शेजारी कोण बसलंय हे ठाऊक असताना त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर पडत नव्हता.

शेजारी गेनबा होता. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथला. त्याचा पोरगा सिदा दुधाची पिकअप चालवायचा. दिवाळीच्या आधी एका सकाळी नसरापूरला दूध घालून तो परत निघाला, आणि विंझरवरून सरळ घरी जायचं सोडून रिकामी पिकअप त्याने मुद्दाम या पाबे घाटात घातली. याच वळणावर ती कठडा फोडून खाली गेली. कठड्याच्या जागी आता नुसती रिकामी पिंपं उभी केलेली होती.

इंद्रजित भोरचा. बापाचं हार्डवेअरचं दुकान नावाला सांभाळायचा, जीव सगळा त्या लाल बुटक्या गाडीत. रविवार उजाडला की मांढरदेवी, वरंधा, नाहीतर पाबे. टायरात हवा किती ठेवावी, कुठल्या चढाला कुठला गिअर टाकावा, यावर तो जेवण विसरून बोलायचा. ऑटोमॅटिक गाडीला तो पाळणा म्हणायचा. "गाडी डोळ्यांनी नाही, कमरेनं चालवायची असते," हे त्याचं बोलणं भोरच्या पोरांना पाठ होतं. या घाटाचा त्याचा व्हिडिओ दोन्ही तालुक्यांत ह्या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरला होता. सिदा मेल्यावर तर जास्तच फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हे येरागबाळ्याचं काम नाही.' इंद्रजितने त्या ओळीला लाल बदाम टाकला होता.

आज सकाळी गेनबा दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, खांद्यावर घोंगडी. नाव सांगितलं तेव्हा इंद्रजित गल्ल्यामागे सरकला. म्हातारा गचांडी धरणार, चार माणसांत शिव्या घालणार, असंच त्याला वाटलं. पण गेनबाने हात जोडले.

"गावात म्हंत्यात, सिदाला गाडी येत न्हवती. उगं तुमच्या बरुबरीला गेला. पोरगं रोज रातच्याला माझ्याम्होरं मोबाईल धरायचं, आबा बगा, आबा बगा करायचं. मला गाडीतलं कळत न्हाई. तुमी येकदा मला त्या वळनानं न्या. त्याचं काय चुकलं, येवढं मला बगू द्या."

शिव्या चुकल्या, या आनंदात इंद्रजित हो म्हणून गेला.

आणि आता म्हातारा पुढे बघत वाट पाहत होता.

इंद्रजितने गाडी वळवली. खाली पार पहिल्या चढापर्यंत नेली, पुन्हा तोंड घाटाकडे केलं. पट्टा ओढून पाहिला. गेनबाचाही ओढून पाहिला. मग त्याने गाडी सोडली.

या खेपेला त्याने काही राखलं नाही. चढ अंगावर आला. दरीकडचं वाळलेलं गवत नुसती पिवळी रेघ झालं. वळण दिसलं तेव्हा नेहमी जिथे ब्रेकवर पाय जायचा, तिथे त्याने तो जाऊ दिला नाही. टायर किंचाळले. गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकला. त्याला कमरेनं काहीच सांगितलं नाही. पाय आपोआप ब्रेकवर गेला, गाडी वाकडीतिकडी होत पिंपांच्या अलीकडे कशीबशी थांबली. जळक्या रबराचा वास आत आला. त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

गेनबाने कशालाच धरलेलं नव्हतं.

"अजून कमीच हाय," तो म्हणाला. "व्हिडिओत पापनी लवस्तवर हितनं जाती."

"ह्याहून जोरात जात नाही, बाबा."

"जाती की. म्या सोता बगितलंय."

इंद्रजितने गाडी बंद केली. मग खिशातून मोबाईल काढला. व्हिडिओ लावला. हाच घाट, हेच वळण. त्याने पडद्यावर बोट टेकवून काहीतरी केलं. रस्ता एकदम सावकाश झाला. पलीकडून येणारी एसटी रमतगमत जवळ आली, तिच्या खिडकीतली बाई पदर सावरताना दिसली. वळण आरामात आलं आणि आरामात मागे गेलं.

"मी असा आलो होतो," तो म्हणाला. "आज पहिल्या खेपेला तुम्हाला आणलं, तसाच. घरी बसून मोबाईलमध्ये व्हिडिओ पळवला. इंजिनचा आवाज चिरका यायला लागला, म्हणून वर गाणं टाकलं."

"पळवला म्हंजी? गाडी न्हाई पळाली?"

"नाही."

गेनबाने मोबाईल हातात घेतला. ती एसटी तशीच सावकाश येत होती. शेवटापर्यंत त्याने ते बघितलं. इंद्रजित गाल पुढे करून बसल्यासारखा बसला होता. आता मारावं म्हाताऱ्याने, असं त्याला मनापासून वाटत होतं.

गेनबाने मोबाईल सीटवर ठेवला. पट्टा त्याला सोडता येईना, तो इंद्रजितने सोडवला. म्हातारा उतरला, पिंपांपाशी गेला आणि खाली पाहत उभा राहिला. इंद्रजितही उतरला, पण त्याच्या जवळ जायचा धीर होईना. खालून वारा वर येत होता. गेनबाने घोंगडी खांद्यावर नीट घेतली.

"म्हंजी त्या चालीनं हितपतूर कुनीच आलं न्हवतं," तो म्हणाला. "माझा सिदाच आला."