दोन फ्री थ्रो

बास्केटबॉलच्या सामन्याचे सहा सेकंद उरले होते. जळगावच्या मुली एका गुणानं मागे होत्या आणि पुष्पा सोनवणेला दोन फ्री थ्रो मिळाले होते. समोर धुळ्यातल्या एका सूतगिरणीचा संघ.

प्रशिक्षक धनसिंग गिरासे हाताची घडी घालून बाकाजवळ उभे होते. क्लबच्या सेक्रेटरींनी त्यांना बजावलं होतं, "यंदा कप नाही, तर पुढच्या वर्षी तुम्ही नाही."

सरावात शंभरातले नव्वद अचूक टाकणारी पुष्पा. पहिला चेंडू रिंगला लागून उडाला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही.

ते साल शहाऐंशी. महिन्याभरात क्लबानं गिरासेंना काढलं. त्याच महिन्यात गिरणीनं पुष्पाला ऑफिसात घेतलं. तिचे वडील बोदवड स्टेशनवर हमाल. त्यांनी एका बिजवराशी तिचं लग्न ठरवलं होतं. गिरासे बोदवडला जाऊन त्यांना समजावून आले होते, पण उपयोग झाला नव्हता. पोरगी पगार आणायला लागली आणि लग्न आपोआप मोडलं.

"विकली गेली हो तुमची पुष्पा," असं कुणी म्हटलं, की गिरासे उठून जायचे.

हरलेल्या प्रशिक्षकाला दुसऱ्या कुठल्या क्लबानं विचारलं नाही. पिंप्राळ्यात एक खोली, शाळेत कवायतीचे तास, स्टोव्हवर एकट्यापुरती खिचडी. दसऱ्याला जुन्या मुली सोनं द्यायला यायच्या. लग्नं होत गेली तशा त्याही येईनाशा झाल्या. पुष्पा तर एकदाही आली नव्हती. तरी गिरासे त्या दिवशी दार लोटून घेत नसत.

बारा वर्षांनी एका दुपारी शेजारच्या बेबाबाईंनी हाक मारली, "सर, तुमनाकडे एक बाई येल शे."

दारात पुष्पा होती. आता ती गिरणीच्या संघाची प्रशिक्षक होती. खाली बसायच्या आधीच ती बोलली.

"सर, ते दोन्ही मी मुद्दाम चुकवले."

गिरासेंनी तिच्यासाठी सतरंजी अंथरली.

"आदल्या दिवशी गिरणीतून निरोप आला होता. हरलात तर नोकरी पक्की. मला त्या माणसाशी लग्न करायचं नव्हतं, सर. पण तुम्हाला काढतील हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. शिव्या द्या, पण काहीतरी बोला."

"निरोप कुणी आणला होता?"

"गिरणीतले लोटननाना."

गिरासेंनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

"तुला नोकरी द्यायला गिरणीची तेवढी एकच अट होती," ते म्हणाले. "लोटनला तुझ्याकडे मीच पाठवलं."