बुधवारचा अर्धा तास

पाळकसाहेबांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर मोठ्या बाई मांडीवरची वही घट्ट धरून बसल्या होत्या. आत जायचा धीर होत नव्हता. मुख्याध्यापिका असताना तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना असंच बाहेर ताटकळत ठेवलं होतं.

सुतारकाकांना माती देऊन दोन दिवस झाले होते.

वर्षापूर्वी पाळकसाहेबांनी चर्चमध्ये चिठ्ठ्या वाटल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर दोन नावं. दोघांपैकी जो एकटा पडलाय, त्याला दुसऱ्याने दर बुधवारी अर्धा तास द्यायचा. बाईंच्या चिठ्ठीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि त्यांच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या सुतारकाकांचं. बायको गेलेली, गुडघे कामातून गेलेले, ऐकूही कमी यायचं. कोणी कोणाकडे जायचं, हे विचारायची बाईंना गरजच वाटली नाही.

बाईंच्या लेखी वेळ म्हणजे देवाने सांभाळायला दिलेली ठेव. पहाटे प्रार्थना, मग रविवारच्या शाळेचे धडे, अनाथाश्रमासाठी स्वेटर, आजाऱ्यांना पत्रं. एक मिनिट फुकट गेलं तरी जिवाला लागायचं. झोपण्यापूर्वी त्या दिवसाचा तास न् तास वहीत उतरवायच्या.

या सगळ्यातून खाली जायला सवड काही झाली नाही. तशी वेळही आली नाही म्हणा. बुधवारी पाचच्या ठोक्याला काकाच तीन जिने चढून धापा टाकत दारात उभे. म्हाताऱ्याला दम म्हणून धरवत नाही, असं बाईंना वाटायचं.

"बसू का जरा?"

"आज नको काका, हातात काम आहे."

मग काका उभ्याउभ्याच दाराची कडी घट्ट करायचे, कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि कठड्याला धरत खाली जायचे. पाच मिनिटांत बोळवण. वहीत मात्र बाई लिहायच्या, 'सुतारकाका, अर्धा तास.'

शेवटच्या बुधवारी तर त्यांनी दारही पुरतं उघडलं नव्हतं.

आतून हाक आली. बाई गेल्या, वही टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"बावन्न वेळा खोटं लिहिलंय मी. देवाने इतका वेळ दिला आणि एकट्या पडलेल्या माणसाला त्यातला अर्धा तास मला देता आला नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. त्यांनी रागावावं, असं बाईंना फार वाटत होतं. पण ते उठले आणि कपाटातून एक वही घेऊन आले. कोपरे दुमडलेले, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग.

"भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी अशी एक वही दिली होती," ते हळूच म्हणाले. "ही काकांच्या घरून आली. शेवटचं पान वाचा."

सुताराच्या जाड पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'मोठ्या बाई, तिसरा मजला. फार एकट्या आहेत. आज दार अर्धंच उघडलं. बिजागरी आता वाजत नाही, पुढच्या बुधवारी काहीतरी दुसरं काम शोधून जावं लागेल.'