वापर सुरू नाही

“झाकण उघडायलाच हवं का?” नवऱ्याने पुन्हा विचारलं.

तपासनीस नुसता हसला. नव्या घरांच्या सेप्टिक टाक्या तपासणं हेच त्याचं काम. टाकी गळत नाही ना आणि राहायच्या परवानगीआधीच वापर तर सुरू केलेला नाही ना, एवढं तो बघायचा. वापर सापडला की परवानगी अडकली म्हणून समजा. पुढच्या खोलीतल्या फरशीचं कौतुक ऐकायला त्याला वेळ नसायचा. तो आला की थेट घराच्या मागच्या बाजूला जायचा.

बायको मात्र वैतागली होती. महिनाअखेर भाड्याची खोली सोडायची होती. घरमालकाने दुसरा भाडेकरू ठरवूनसुद्धा टाकला होता. आज परवानगी मिळाली नाही तर बाडबिस्तरा घेऊन जायचं कुठे? आणि हा भला माणूस एका झाकणापाशी अडून बसला होता.

“उघडू द्या की हो त्यांना,” ती नवऱ्याला म्हणाली. “आपल्याला लपवायचंय काय? इथे अजून चिमणीसुद्धा राहायला आलेली नाही.”

“अगं, आत साप-बिप असतात.”

“नव्याकोऱ्या टाकीत साप? काहीतरीच तुमचं!”

नवऱ्याने रुमालाने मान पुसली. सकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. तपासनीसाचा अचानक फोन आला, तसा हातातला चहा टाकून तो उठला. तू कशाला उन्हात येतेस, म्हणाला. इथे आल्यावर घराची किल्लीच विसरलो, म्हणाला. किल्ली तर तिने त्याच्या खिशात पाहिली होती. परवानगीची धास्ती घेतली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. बाकी या माणसाला खोटं बोलणं जमत नाही, याची तिला खात्री होती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्याच्या तोंडावर दिसायचं.

टाकी बाथरूमच्या भिंतीला लागूनच होती. तपासनीस भिंतीशी उकिडवा बसला. झाकण जड होतं. नवरा हात लावायला पुढे येईना, म्हणून तिनेच बाह्या सरसावल्या आणि दुसरी कडी धरली. नवरा लांब, कुंपणापाशी उभा राहिला.

झाकण सरकलं आणि तिचा हात आपोआप नाकाकडे गेला. टाकी गळते का हे कळावं म्हणून त्यांनी तिच्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं होतं. तेव्हा ती स्वतः नळी धरून उभी होती. त्या पाण्याचा आता काळपट रेंदा झाला होता आणि वर सायीसारखा मळ धरला होता.

“बाई, ही टाकी वापरात आहे,” तपासनीस म्हणाला.

“शक्यच नाही!”

“फार नाही, एखाद्याच माणसाचा वापर असेल. पण रोजचा आहे.”

“मजुरांनी केला असेल,” नवरा लांबूनच म्हणाला.

“मजूर गेल्यावरच तर आपण पाणी भरलं,” ती बोलून गेली.

नवरा रोज संध्याकाळी इथे यायचा. भिंतींना पाणी मारायचंय, म्हणायचा. भूक लागते म्हणून डबा घेऊन निघायचा. डबा चाटूनपुसून रिकामा परत यायचा, आणि घरी येऊन तो पुन्हा पोटभर जेवायचा. कष्ट पडतात बिचाऱ्याला, म्हणून ती हल्ली दोन पोळ्या जास्तच घालायची. पण भिंतींना रंग लागून गेला होता. रंगवलेल्या भिंतींना कोण पाणी मारतं?

ती मनाने झरझर मागे गेली. हा माणूस तिच्या शब्दाबाहेर नव्हता. सासूबाईंशी तिचं एक दिवसही पटलं नाही. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरातलं प्रत्येक भांडण शेजारपाजारी ऐकू जायचं. शेवटी गेल्या महिन्यात तिने निक्षून सांगितलं होतं, एक तर त्या राहतील नाहीतर मी. तेव्हा तो मुकाट्याने आईला थोरल्या भावाकडे सोडून आला होता. त्यानंतर घरात कशी शांतता होती. इतकं ऐकणारा माणूस असलं काही करेल?

तेवढ्यात भिंतीच्या आत फ्लशचं पाणी ओढल्याचा आवाज झाला. पाइप गुरगुरला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टाकीत पाण्याचा लोट येऊन पडला.

तिघंही बाहेर होती आणि घराला कुलूप होतं. तपासनीसाने हातातली बॅटरी विझवली आणि तो जमिनीकडे बघू लागला.

“कोण आहे ती?” ती बसल्या जागेवरूनच ओरडली. “कधीपासून ठेवलीय तिला माझ्या घरात?”

नवऱ्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो वर, बाथरूमच्या खिडकीकडे बघत होता. नको, नको, अशी मान हलवत होता. त्याचे डोळे भरले होते.

“दादाने त्या दिवशी दारच उघडलं नाही गं,” तो पुटपुटला.

तिला अर्थ लागायच्या आत खिडकीच्या काचपट्ट्या किलकिल्या झाल्या. भिंतीशी बसलेली दोघं वरून दिसण्यासारखी नव्हती. दिसत असेल तो कुंपणापाशी उभा असलेला नवराच. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, ओळखीचा आवाज तिच्या डोक्यावरून गेला.

“चुकलं रे बाळा. दिवसा पाणी ओढायचं नाही, विसरलेच मी. सूनबाईला कळलं नाही ना?”