दहाव्याची जांभूळ सायडर

पिंडाशेजारी जांभळाच्या सायडरचा ग्लास ठेवूनही कावळा काही शिवेना. बोंद्रेकाका बारा वर्षं हेरंबच्या पबमध्ये रोज संध्याकाळी हीच पीत, म्हणून दहाव्याला घाटावर त्याने ती मुद्दाम आणली होती.

काकांच्या मुलाने हात जोडले. "बाबा, आईला सांभाळीन." कावळा कठड्यावरून हलला नाही. "तुमची स्कूटर विकणार नाही." तरी नाही. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघू लागले. काकूंनी वळून थेट हेरंबकडे पाहिलं. "यांचं काहीतरी तुझ्याकडेच अडकलंय. बोल की!"

काय अडकलंय ते हेरंबला ठाऊक होतं. दर दिवाळीत काका ग्लास उजेडात धरून विचारायचे, "हेरंबा, आत्ता जांभूळ कुठलं रे?" आणि तो विषय बदलायचा.

पबची सगळी गिऱ्हाइकं मागे उभी होती. त्याने डोळे मिटले. "काका, हंगाम संपल्यावर सरबताचं सिरप घालणार नाही. शप्पथ!"

कावळा झेपावला, पिंडाला शिवला आणि ग्लासात चोच बुडवून तिथेच बसला.

गिऱ्हाइकांत कुजबुज सुरू झाली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"तो उडत नाहीये रे," त्या म्हणाल्या. "बिअरचंही सांगून टाक."