सोळा गुणसूत्रं

“म्हणजे सर, त्याला बापच नाही?”

मागच्या बाकावरून एकजण ओरडला आणि आठवीचा अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. टेबलावरच्या काचेच्या पेटीत मधमाश्या आपल्या कामात होत्या. त्यांना या हसण्याचं सोयरसुतक नव्हतं.

माशीवाल्या सरांना हे हसू नवीन नव्हतं. संशोधन केंद्रातून निवृत्त झाल्यापासून ही पेटी घेऊन ते शाळाशाळांतून हिंडत. मुलं नेमकी याच ठिकाणी हसायची. सरही हसून घ्यायचे. आज त्यांना हसू फुटेना.

“नाही,” ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले. “राणीमाशीच्या शरीरातल्या पेशीत बत्तीस गुणसूत्रं. अंडं तयार होताना ती निम्मी होतात. सोळा. त्या अंड्याला नराकडची सोळा मिळाली की पुन्हा बत्तीस झाली, आणि जन्माला येते मादी. नाही मिळाली, तरी अंडं वाया जात नाही. त्या सोळांवरच एक धडधाकट जीव जन्मतो. तो नर. पोळं त्यालाही खाऊपिऊ घालतं. घराबाहेर काढत नाही.”

हंगाम संपला की पोळ्यातल्या माश्या नरांना बाहेर काढतात, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. आज ते खोटं बोलले. का बोलले, तेही त्यांना ठाऊक होतं.

वर्गात शिरल्यापासून ते मुलींचे चेहरे शोधत होते. वयाच्या हिशेबाने यातली एक त्यांची नात असणार होती. कोणती, ते त्यांना माहीत नव्हतं. तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

तिची आई, म्हणजे सरांची एकुलती एक लेक, एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “बाबा, मला दिवस गेलेत. आणि तो निघून गेलाय.” सरांची बायको लेकीला पोटाशी धरायला पुढे झाली. सरांनी हाताने अडवलं. आयुष्यभर गुणसूत्रं मोजणारा हा माणूस त्या दिवशी लोक काय म्हणतील ते मोजत बसला. “बाप नसलेलं पोर माझ्या घरात जन्माला येणार नाही,” ते म्हणाले. लेकीने वाद घातला नाही. पिशवी भरली आणि गेली. बायकोने पुन्हा तिचं तोंड पाहू नये म्हणून सरांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

बायको मागच्या हिवाळ्यात गेली. दवाखान्यातल्या खाटेवर तिने सरांचा हात धरला. “आपली नात त्या नव्या शाळेत जाते. मी फाटकाबाहेर नुसती उभी राहायचे हो. बोलले नाही कधी. तुमची शपथ नाही मोडली.”

घराजवळचा पूल ओलांडला की लागणाऱ्या या शाळेचं बोलावणं त्यांनी आधी दोनदा टाळलं होतं. तिसऱ्यांदा हो म्हणाले.

“गप्प बसा रे,” वर्गाच्या बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. हसू ओसरलं. तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. दोन वेण्या, कोपरावर शाईचा डाग. ही मघाशी हसली नव्हती.

“सर, पण त्याला आजोबा असतो.”

वर्ग पुन्हा खिदळला. मुलगी बसली नाही.

“राणीला बाप असतो ना? तिच्या बत्तिसांतली सोळा त्याची. मग नराला जी सोळा मिळतात, त्यात थोडी आजोबाचीही येतातच की.”

सरांच्या हातातला खडू मोडला. गणित चोख होतं. पण हे वाक्य ते शाळेत कधी सांगत नसत. त्यांनी ते एकाच मुलीला सांगितलं होतं, आपल्या लेकीला. तेव्हा ती त्यांचं बोट धरून पोळ्यांच्या पेट्यांमधून उड्या मारत चालायची, आणि नराला बाबा नाही हे ऐकून तिने भोकाड पसरलं होतं. तिची समजूत घालायला सर म्हणाले होते, “रडू नको गं वेडाबाई, त्याला आजोबा असतो.”

“बरोबर आहे,” सर कसंबसं म्हणाले. घंटा झाली.

वर्ग रिकामा झाला. मुलगी पेटीपाशी रेंगाळली. काचेला नाक लावून नर शोधू लागली. तिची हनुवटी सरांच्या बायकोची होती. इतकी हुबेहूब, की सरांनी नजर वळवली.

“हे तुला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“आईने. आम्ही दोघीच असतो ना घरी. मुलं चिडवतात मला. मग आई म्हणते, बाबा नसले म्हणून काय झालं, आजोबा आहेत की तुला. ते पण मधमाश्यांवर काम करतात, तुमच्यासारखंच. मोठे आहेत खूप. आई म्हणते, त्यांच्याइतकं छान कुणीच शिकवत नाही.”

सर बाकावर बसले.

“मग ते येत नाहीत भेटायला?”

“कसे येतील? फार लांब असतात ते. आई म्हणते, यायचं खूप असतं त्यांच्या मनात, पण जमत नाही.” तिने काचेवरून नाक उचललं. “तुम्ही ओळखता का त्यांना?”

हो म्हणावं की नाही, एवढाच प्रश्न होता. नाही म्हटलं असतं तर लेकीने इतकी वर्षं जपलेला तो मोठा, लांबचा, भला माणूस तसाच राहिला असता.

“ओळखतो,” सर म्हणाले. “आणि ते लांब राहत नाहीत, बाळ. त्या पुलापलीकडे राहतात.”