पहिलं बटण

“तुमच्या नियमानं माझ्या दादाचा जीव घेतला,” ताई म्हणाली. तिचा चेहरा वेबसाइटचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांच्या थोडा डावीकडे होता. ती जन्मापासून आंधळी. अध्यक्षांची खुर्ची करकरली, तशी ती आवाजाच्या रोखानं वळली. “हां, इथे आहात होय. मग ऐका.”

टेबलापलीकडे अध्यक्षांशेजारी दोन साहेब. आंधळ्यांनाही वेबसाइट वापरता यावी म्हणून मानक लिहिलं, ते एकाच्या समितीनं. वेबसाइटची पानं ज्या मार्कअप भाषेत लिहितात तिचे नियम केले, ते दुसऱ्याच्या. ताईजवळ वहिनी, दादाची बायको. तिनंच हात धरून आणलं होतं, पण वाटेत चकार शब्द नाही. दादा गेल्यापासून असंच.

दादाला किडनी मिळणार होती. हॉस्पिटलनं नोंदणीत दिलेल्या ताईच्या फोनवर पान पाठवलं: हवी की नको, लगेच कळवा, नाहीतर पुढच्या रुग्णाला देऊ. पानावर दोन बटणं, हिरवी खूण आणि लाल फुली. ताईचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो. तो म्हणाला, “बटण. बटण.” बस्स. घरात ताई एकटी. तिनं वहिनीला फोन लावला. वहिनीनं ते पान नोंदणीच्या वेळी हॉस्पिटलात पाहिलं होतं. ती म्हणाली, पहिलं दाबा. ताईनं पहिलं दाबलं. “तुमचं उत्तर नोंदवलं. धन्यवाद,” फोन म्हणाला. किडनी दुसऱ्याला गेली. हॉस्पिटलनं सांगितलं, बहिणीनं नकार दिला.

वहिनीला वाटलं, ताईनं धांदलीत दुसरं दाबलं. ताईला वाटलं, वहिनीच उलटं सांगून बसली. पण नवरा गेलेल्या बाईला हे कोणत्या तोंडानं ऐकवायचं? ताईनं तो घोट गिळला. ‘सख्ख्या भावाला नको म्हणाली’ हे लोकांचं बोलणंही गिळलं.

“बटणाला नाव का नव्हतं?” तिनं विचारलं.

“नाव हवंच, असं आमचं मानक सांगतं,” पहिले साहेब म्हणाले. “कसं द्यायचं, ते मार्कअपच्या नियमांवर सोडलंय.”

“बटणावरचं चित्र शोभेचं असेल तर नाव रिकामं चालतं,” दुसरे म्हणाले. “शोभेचं कशाला म्हणायचं, ते मानकात बघायचं.”

“म्हणजे सासरी विचारलं तर माहेरी जा, माहेरी विचारलं तर सासरी! आणि जगण्यामरण्याचं बटण शोभेचं?”

“हे बघा बाई, पान रीतसर तपासून पास झालंय,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पानाची नमुना-प्रत ताईच्या फोनवर उघडायला लावली, तीच भिंतीवरच्या पडद्यावरही दाखवली. मग आवाज मऊ केला. “घाईत दुसरं दाबलं जातं. होतं असं.”



“पहिलं कोणतं दिसतंय?” ताईनं विचारलं.

“हिरवं. होकाराचं,” अध्यक्ष म्हणाले.

म्हणजे वहिनी बरोबर होती. मग आपणच? तिनं फोनवर बोट फिरवलं. पहिल्या ‘बटण’ला थांबली. दाबलं.

“तुमचं उत्तर नोंदवलं. धन्यवाद.”

खुर्च्या करकरत पडद्याकडे वळल्या.

“काय लागलं?” ताई ओरडली. “अहो, सांगा की कुणीतरी!”

“नकार,” दुसरे साहेब म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुढे सांगितलं, “डोळ्यांना हिरवं आधी दिसतं. पण पान लिहिणाऱ्यानं लाल आधी लिहिलंय. फोन लिहिल्या क्रमानं वाचतो. दिसणारा क्रम वेगळा असला तर आमचे नियम अडवत नाहीत. ते मानकानं बघायचं.”

“आम्ही तुमचाच क्रम धरतो,” पहिले म्हणाले.

“दोन्ही दस्तऐवज आपापल्या जागी बरोबर आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “यात चूक कुणाचीच नाही.”

वहिनी उठली. तिचा हात ताईच्या खांद्यावर पडला आणि तिथेच घट्ट राहिला.

“मी म्हणाले पहिलं दाबा. यांनी पहिलंच दाबलं,” ती अध्यक्षांना म्हणाली. “मग माझ्या नवऱ्याला नको कोण म्हणालं? बोला.”