स्कीजवरचे ओरखडे

गेल्या रविवारीच देवांगनं नोव्हाय गावातल्या आपल्या घरी, गराजमध्ये बसून लेकीच्या बर्फावर घसरायच्या जुन्या स्कीज दुरुस्त केल्या होत्या. तळावरचे ओरखडे प्लॅस्टिक वितळवून बुजवले होते, वरून वॅक्स लावलं होतं. आज पाहतो तर पुन्हा तसेच खोल ओरखडे. हा सलग तिसरा आठवडा.

तिच्या स्किईंगच्या क्लासमध्ये कुणीतरी स्कीज दगडांवर आपटत असणार, असं त्याला आधी वाटलं होतं. पण या आठवड्यात बर्फ नव्हता म्हणून क्लासच कॅन्सल झाला होता. स्कीज घराबाहेर गेल्याच नव्हत्या. मग हे काम घरातल्याच कुणाचं तरी होतं.

त्यानं नऊ वर्षांच्या आसावरीला बोलावलं.

“हे तू केलंस?”

तिनं मान खाली घातली.

“भीती वाटते का स्किईंगची? क्लास नको असेल तर सांग, मी रागावणार नाही.”

“नाही, आय लाइक इट.”

“मग कशाला खराब करतेस?”

तिनं एका ओरखड्यावरून बोट फिरवलं.

“तुझ्या हाताला वॅक्स लागलं ना बाबा, की तू फोन उचलत नाहीस.”